विहिरीत उतरलेली बाज

मित्रांनो, मी आसेगावकडच्या एका गावातली जुनी बाज आहे. बाभळीचे पाय, अंबाडीच्या दोरीची वीण. चंपाबाईच्या अंगणात निम्म्या गावाने माझ्यावर पाठ टेकली, पण मी कधी कुरकुरले नाही. मग तिचे मालक माझ्यावरच वारले आणि लोकांनी मला वाळीत टाकलं. गोठ्यामागे उभी करून ठेवली. कोंबड्यासुद्धा विचारीनात.

एका सकाळी शेषरावांच्या शेतातल्या विहिरीत बिबट्याची मादी पडली. त्या विहिरीला कठडा नव्हता. गावातली सरिता रानातली जनावरं वाचवायचं काम करते. तिने वनखात्याला फोन लावला, आणि त्यांची गाडी येईपर्यंत जनावराला टेकायला बाज हवी म्हणून दारोदार फिरली. कोणी देईना. विहिरीत सोडलेली बाज पुन्हा घरात कोण घेणार? शेवटी चंपाबाई म्हणाली, "माही घेऊन जाय. तिच्यावर माणूस त निजत नाही, जनावर तरी बसन."

चारही पायांना दोर बांधून मला खाली सोडलं. मादी पोहून पोहून दमली होती. कशीबशी चढली आणि थरथरत बसली. तिच्या काळजाची धडधड माझ्या दोरीला कळत होती. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

पण वर सगळा गाव गोळा झालेला. काठावर डोकीच डोकी, हातात मोबाइल. सरिता हात जोडून सांगत होती, "मांगं सरा बापूहो. तिले माणसं दिसली का ते बिथरते." लोक जरासे मागे जात आणि पुन्हा पुढे येत. तेवढ्यात कोणीतरी शीळ घातली. मादी दचकून विहिरीच्या भिंतीवर झेपावली आणि पाण्यात पडली. एकदा तिचं नख माझ्या पायाला लागलं, मग सुटलं. ती पुन्हा वर आली नाही.

शेषराव म्हणाले, "पोरी, तू त वाचवणारी ना? मंग वाचवलं काहून नाही?"

"तिले बाजीनं धरलं होतं, काका. तुमाले धरून ठेवाचं काम माहं होतं. तेच जमलं नाही." एवढं बोलून ती बांधावर बसून रडली.

आता मी सरिताच्या अंगणात असते. दुपारी सामसूम झाली, की माझी वीण आपोआप खाली दबते. वर कोणीच नसतं, दोरी मात्र ओली लागते, आणि तिला तीच धडधड कळते. मला भीती वाटते, आणि तिला कोणी उठवू नये असंही वाटतं.

मित्रांनो, एवढंच मागते. कुठे विहिरीत जनावर पडल्याचं कानावर आलं, तर बघायला जाऊ नका. ज्याला बघायला कोणी येत नाही, तेच जिवंत वर येतं.