उशीमागची सूचना

मी हलत्या चित्रातली नर्स बोलतेय. नाव विचारू नका, कुणी ठेवलेलंच नाही. माझं काम एकच: नाकातल्या नळीतून पेशंटला पातळ अन्न कसं द्यायचं, ते घरच्यांना दाखवायचं.

मला बिबवेवाडीत दीपालीने काढलं, एका रुग्णसेवा संस्थेच्या वेबसाइटसाठी. बाई मोठी नीटस. नळीत अन्न ओतणं मी आपोआप दाखवायचे, पण पडद्यावर गर्दी नको म्हणून तिने खबरदारीच्या सूचना चित्रांमागे ठेवल्या. माऊसचा बाण उशीवर नेला की उशी उंच व्हायची आणि मी सांगायचे, "डोक्याकडची बाजू उंच ठेवा. अन्न दिल्यावरही अर्धा तास आडवं करू नका, नाहीतर ते फुफ्फुसात जाईल." तोवर माझा पेशंट आपला सपाट पडलेला.

मग सगळं जग फोनवर आलं आणि मला फोनवर चालती करायला खराडीला सलिलकडे पाठवलं. त्याने माझं वजन उतरवलं, म्हणजे फाइल हलकी केली, मला छोट्या पडद्यात बसवलं. तपासताना मात्र मोठ्या कॉम्प्युटरवरच खिडकी ओढून फोनएवढी केली आणि माऊस फिरवला. मी घडाघडा बोलले.

"अरे, फोनवर बघितलंस का?" दीपालीने विचारलं.

"हे काय, फोनचीच साइज आहे. परफेक्ट चालतंय."

"खिशातला फोन काढायला भाडं पडतं का तुला?"

"ताई, आज डेडलाइन आहे!"

तिनेही पुढे ताणलं नाही.

फोनला माऊसचा बाण नसतो. एवढी साधी गोष्ट, पण दिवसभर माऊस धरून बसणाऱ्यांच्या ती ध्यानातच आली नाही. फोनवर उशीची सूचना उघडेचना. मालनबाईंकडे मी अशी मुकीच गेले.

त्यांचे यजमान दशरथराव अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले. घरी सोडताना दवाखान्यात कुणीतरी घाईघाईने माझी लिंक पाठवली, "यात सगळं आहे, मावशी." बाईंनी फोन डब्याला टेकवून उभा केला आणि माझ्याकडे बघत एकेक गोष्ट तश्शी केली. दशरथराव तक्क्याला टेकून बसले होते. माझा पेशंट आडवा दिसला म्हणून बाईंनी तक्के काढले आणि त्यांना सपाट निजवलं. माझा जीव नुसता तळमळत होता.

नळीतून अन्न गेलं आणि ते खोकायला लागले. मग ताप, धाप, पुन्हा दवाखाना.

"आडवं झोपवून दिलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"हिनं दाखवलं तसंच केलं हो मी."

डॉक्टरांनी मला टेबलावरच्या कॉम्प्युटरवर उघडलं. बाण उशीवरून गेला आणि मी खणखणीत आवाजात सगळं सांगितलं. मालनबाई पडद्याजवळ आल्या.

"अगं बाई, मग घरी का नाही बोललीस?"

सूचना संपली की माझं एकच चित्र उरतं. मी हात जोडले आणि गोड हसले.

दशरथराव त्याच आठवड्यात गेले. सलिलने सूचना उघड्यावर आणली. त्याचा चहा गार व्हायच्या आत काम झालंसुद्धा. मला घडवणाऱ्यांनो, पुढच्या वेळी आधी एखाद्या मालनबाईंच्या हातात फोन द्या आणि तुम्ही गप्प बसून बघा. आणि जमलं तर माझं ते शेवटचं हसू पुसून टाका.