पाच सूत

अकोल्यातल्या चारही दुकानांत नत्थुजींना एकच उत्तर मिळालं, "बाबाजी, या गाडीचं सामान आता येत नाही."

"येत नाही त बनवू," घरी आल्यावर पायरीवर चपला काढता काढता ते म्हणाले. "कारखान्यातबी मानसानंच बनवलं होतं नं?"

गाडी म्हणजे पुढे लांब नाक असलेला जुना ट्रक. बार्शीटाकळीला त्यांच्या घरामागच्या मोकळ्या जागेत तो अकरा वर्षं विटांवर उभा होता. केबिनमध्ये कोंबड्यांच्या दोन-तीन पिढ्या वाढून गेल्या होत्या. नत्थुजींचा सारा जन्म दुसऱ्यांच्या ट्रकच्या बॉड्या बांधण्यात गेला, स्वतःचा म्हणावा असा हा एकच. उन्हाळ्यापासून त्यांनी त्याला हात घातला. दाराच्या बिजागऱ्या, टाकीचे पट्टे, रेडिएटरखालचा टेकू, जे मिळेना ते घरीच घडू लागलं.

त्यांची रीत ठरलेली. कागदावर आकृती वगैरे काही नाही. आधी पुठ्ठ्याचा फर्मा कापायचा, जागेवर धरून बघायचा, नीट बसला की तोच लोखंडी पट्टीवर ठेवून खडूनं रेघ मारायची. पण एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. बारीक खूण दिसेना. मग सून गीतांजली मापं घेऊ लागली. अकोल्याच्या कॉलेजात बी.एस्सी. केलेली, तिचा हात स्थिर. साड्यांची खोकी फाडून ती फर्मे कापी आणि नत्थुजी डोळे मिटून त्यांवर भरवसा ठेवत. माप मात्र त्यांच्या हिशेबानं, सुतात. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत.

"माही सून म्हंजे माहा चष्मा," ते शेजारच्या संघपालला सांगत.

"मंग काका, चष्मा कपाटात ठेवत जा. हरवला त गाडी राहीन अर्धी," संघपाल म्हणे.

हे सगळं कुलदीपसाठी चाललं होतं. कुलदीप म्हणजे नत्थुजींचा मुलगा, गीतांजलीचा नवरा. तो वरूडहून संत्रा भरून नेणारा ट्रक चालवायचा. दोन वर्षांपूर्वी रस्त्याच्या कडेला फुटलेलं टायर बदलत असताना मागून एक गाडी आली आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. मुलगी रेवा तेव्हा पोटात होती.

त्याआधीची तीन वर्षं गीतांजलीनं फोन हातात धरून काढली होती. फोन वाजला की भीती, नाही वाजला की जास्त भीती. पाय गेला तेव्हा ती रडली, खूप रडली. पण नंतरच्या दोन वर्षांत फोन वाजल्यावर ती एकदाही दचकली नव्हती. नवरा घरात होता, दिसत होता. सुखानं झोपते आपण, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली. कोणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती ती.

कुलदीप मात्र आतून वाळत चालला होता. दिवस दिवस खाटेवर बसून राही. ट्रकचं काम निघालं आणि तो रोज दाढी करू लागला. नकली पाय बांधून, स्टूल टाकून बापाच्या बाजूला बसू लागला. जेवताना बोलू लागला.

"बाबा हातानं चालनारा क्लच बसवून देतात म्हणे," एक दिवस तो रेवाला भरवता भरवता म्हणाला. "दिवाळीपर्यंत हिवरखेडची केळी भरतो का नाही पाह्य तू."

"आणि लायसन?" गीतांजलीनं विचारलं.

"ते पाहू नं पुढं. तू आत्तापासूनच पनवती नको लावू."

तो हसला. तिलाही हसावं लागलं.

डाव्या पायाऐवजी हातानं ओढायचा क्लच हा नत्थुजींच्या डोक्यातून निघालेला. गिअरच्या दांड्याशेजारी एक उभा दांडा, खाली तो ज्यावर फिरणार तो कणा, कण्यापासून थोड्या अंतरावर भोक, भोकातून क्लचकडे जाणारी सळई. दांडा ओढला की सळई ओढली जाणार. सगळी करामत त्या भोकाच्या जागेत. कण्याला फार जवळ घेतलं तर क्लच सुटत नाही, फार लांब घेतलं तर दांडा इतका जड होतो की माणसाच्यानं ओढवत नाही. नत्थुजी बांबूचा तुकडा घेऊन चार दिवस गाडीखाली पडून होते. पाचव्या दिवशी बाहेर आले ते हात झटकतच.

"लिही बाई. कन्यापासून बारा सूत. एकबी इकडे नाही, तिकडे नाही."

गीतांजली ओट्यावर पुठ्ठा घेऊन बसली. पट्टी ठेवली. अंगणात कुलदीप संघपालला सांगत होता, मूर्तिजापूरच्या पुढे कोणता ढाबा चांगला, रात्री गाडी कुठं लावायची. त्याचा आवाज पूर्वीसारखा झाला होता. तिच्या हातातली पेन्सिल बारावर आली, पुढे सरकली. सतरावर टेकली. तिनं त्या ठिपक्याकडे पाहिलं. खोडरबर शेजारीच होतं. तिनं ठिपक्याभोवती गोल काढला, फर्मा कापला आणि आत जाऊन कुकर लावला.

रविवारी सकाळी गाडी सुरू झाली. बॅटरी संघपालच्या ट्रॅक्टरची. धुराचा लोट निघाला, कोंबड्या पळाल्या, रेवानं कानावर हात ठेवले.

"कुलदीपभाऊ, थांबा, माही म्हैस बाजूले घेऊ द्या!" संघपाल ओरडला.

कुलदीप आधाराशिवाय चढला. स्टिअरिंगवरून हात फिरवला. मग डाव्या हातानं दांडा ओढला. दांडा थोडा आला आणि अडला. त्यानं पुन्हा ओढला. मानेच्या शिरा फुगल्या. उजवा हात आडवा नेऊन गिअर टाकायला गेला तर खर्रर्र करून दातांवर दात घासले. तिसऱ्या वेळी त्यानं खांदा, पाठ, सगळं अंग लावलं, नकली पाय खाली घसरला आणि तो दारावर आदळला. नत्थुजी वर चढले. त्यांच्यानंही दांडा येईना.

कुलदीपनं गाडी बंद केली.

"जोर नाही राहिला बाबा," तो खाली उतरत म्हणाला. "दोन वर्षं बसून खाल्लं. मानूस सडते."

"तुहा नाही रे दोष. माहा अंदाज चुकला. माहेच हात गेले."

दोघंही खरंच बोलत होते, आपापल्या परीनं. खोटं काय ते एकट्या गीतांजलीला ठाऊक होतं आणि ती रेवाला कडेवर घेऊन तुळशीजवळ उभी होती.

पुढच्या आठवड्यात कुलदीपनं नकली पाय कपाटावर ठेवून दिला. दाढी वाढली. हिवरखेडचा सूर्यभान नावाचा माणूस ट्रक पाहून गेला. पायाच्या क्लचनं तर गाडी छान चालत होती. "घेऊन जा," कुलदीप म्हणाला. दुसऱ्या दिवशी नत्थुजींनी छिन्न्या, कानशी, ग्राइंडर, सगळं गोणीत भरलं आणि संघपालला हाक मारली.

"घेऊन जा लेका. मी आता लोखंडाले हात लावत नाही. ज्याचा बारा सुताचा अंदाजबी चुकते, त्यानं काय करावं?"

गीतांजलीच्यानं ते बघवेना. संघपाल आत येण्याआधी तिनं माळ्यावरचा फर्मा काढला आणि सासऱ्यांपुढे ठेवला.

"मामाजी, तुमचे बारा बरोबर होते. मी सतरावर खूण केली."

"चुकून?"

तिला हो म्हणता आलं असतं.

"नाही," ती म्हणाली.

नत्थुजींनी फर्म्यावरून अंगठा फिरवला. कण्याच्या खुणेपासून भोकापर्यंत, पुन्हा मागे. बराच वेळ.

"आठ दिवस झाले, मले झोप नाही बाई," एवढंच ते म्हणाले. मग उठले. दारातूनच संघपालला परत पाठवलं, गोणीतून ड्रिल काढलं, दांडा सोडवून बरोबर बारा सुतावर नवं भोक पाडलं. अर्ध्या तासाचं काम. दांडा परत बसवून त्यांनी तिलाच वर चढवलं. "ओढ."

तिनं ओढला. तो आला. तिच्या एवढ्याशा हातानं आला, खालपर्यंत. ती तशीच तो धरून बसून राहिली, सोडवेचना.

"आता त्याले सांग," नत्थुजी म्हणाले. "मी नाही सांगत. तुलेच सांगा लागते."

कुलदीप खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिनं सगळं सांगितलं. पेन्सिल, सतरा, फोनची भीती, झोप. एकही गोष्ट राखली नाही. तो उठून बसला, तिच्याकडे बघत राहिला, मग त्याचा चेहरा अचानक मऊ झाला. त्यापेक्षा तिला त्याचा राग चालला असता.

"अवं गीते," तो म्हणाला, "मले बरं वाटावं म्हून किती करशीन? सोताच्या अंगावर घेऊन राहिली तू."

"अहो खरंच सांगते. चला, एकदा ओढून बघा. मीसुद्धा ओढला."

"तू ओढला?" तो किंचित हसला. "मंग त बाबानं क्लचच ढिला केला असन. रिकाम्या गाडीवर चालते तो. माल भरला की घसरते. मी काय आजचा डायवर हाय का?"

"फर्मा बघा ना, फर्मा..."

"पुठ्ठाच हाय तो. दुसरा कापला असन तुमी." त्यानं तिचा हात हातात घेतला, थोपटला. "मले पुन्हा त्या गाडीत नको बसवू. तिथं मी एकदा हारलो, सगळ्यांसमोर, रेवासमोर. पुरे झालं."

नत्थुजी दारात उभे होते. "पोरा, बाई खरं बोलून राहिली," ते म्हणाले.

"बाबा, तुमीबी?" कुलदीपनं विचारलं आणि परत भिंतीकडे वळला.

गुरुवारी दुपारी सूर्यभान ड्रायव्हर घेऊन आला. ड्रायव्हरनं तो हाताचा दांडा खोलून ओट्यावर ठेवला, ही काय अडगळ म्हणून. ट्रक विटांच्या जागेवरून हलला, गल्लीच्या वळणावर नाक फिरवून दिसेनासा झाला. कुलदीप घरातच होता. गीतांजली आत आली तेव्हा तो मान वाकडी करून ऐकत होता. दूर चढावर इंजिनाचा आवाज बदलला.

"दुसरा गिअर टाकला," तो हळूच म्हणाला. थोड्या वेळानं, "तिसरा." आणि मग, आवाज संपल्यावरही, त्याचा डावा हात चादरीवर मूठ वळून तसाच राहिला.

गीतांजली त्याच्या बाजूला बसली. नवरा घरात होता. आता कुठंच जाणार नव्हता.