बांड्याला पाजलेला काढा

मित्रांनो, मी एक जुना बांबूचा नळा आहे. हरसूलजवळच्या एका पाड्यावर, पुंजाबाबांच्या गोठ्यात, छपराच्या वाशाला खोचलेला असतो. आजारी गुरांना औषध पाजायचं, हे माझं काम. हल्ली ते काम मला नाही आणि खरं सांगू का, नाही तेच बरं वाटतं. माझ्या तोंडाशी एका कोळ्यानं जाळं विणलंय. त्यालाही मी काही म्हणत नाही. दमलोय मी.

पुंजाबाबांनी मला रानातल्या बेटातून तोडून आणलं, त्याला वीस-बावीस वर्षं झाली. एका टोकाची गाठ त्यांनी तशीच ठेवली, दुसरं टोक तिरकं कापलं आणि ती कड दगडावर घासत बसले. जनावराच्या हिरडीला ओरखडा येऊ नये म्हणून अख्खा दिवस घासत होते. त्यांची बायको भागीबाई शेवटी म्हणाली, "जावयाचंबी एवढं कोणी करत नाय."

पुढे पाड्यावरच्या जवळजवळ प्रत्येक गोठ्यात मी जाऊन आलो. कुणाच्या गाईचं पोट फुगलं, कुणाचा बैल चारा खाईना, की लोक मला मागायला यायचे. जनावर उठलं की कौतुक माझंच व्हायचं, औषधाचं कुणी नावही घेत नसे. मीही फुशारलो होतो, ते कशाला लपवू?

पुंजाबाबांकडे डांगी बैलांची जोडी होती, बांड्या आणि मन्या. दोन वर्षांपूर्वी भाताच्या आवणीचे, रोपं लावायचे दिवस होते. गोठ्यामागे पाणी साचलं होतं आणि डास गुरांना सुखानं उभं राहू देत नव्हते. एका सकाळी बांड्याचं अंग तापलं. तो मागचा पाय ओढू लागला, तोंडातून लाळेची तार लागली आणि दुपारी तो खालीच बसला. त्याला तिवा झाला होता. तीन दिवस जनावराला लोळवणारा ताप, म्हणून आमच्याकडे त्याला तिवा म्हणतात.

बसलेलं जनावर पुंजाबाबांना बघवत नाही. त्यांनी गूळ, हळद आणि सुंठ घालून काढा उकळला. बांड्याची मान वर उचलून धरली, मला त्याच्या गालाच्या कडेनं आत सरकवलं आणि काढा ओतला. मित्रांनो, जनावर गिळतं तेव्हा त्याच्या जिभेचा एक धक्का मला लागतो. इतकी वर्षं तो लागत आला होता. त्या दिवशी लागला नाही. काढा थोडा वेळ तसाच थांबला, मग कुठेतरी उतरला आणि बांड्या खोकला. काहीतरी चुकतंय हे मला कळलं होतं, पण बांबूला कुठे बोलता येतं?

"पी रे माझ्या राजा," पुंजाबाबा म्हणत होते, "उद्या उठायचं हाय तुला."

संध्याकाळी पुन्हा पाजला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी बांड्या श्वास ओढत ओढत गेला.

ओढ्याला पूर होता, म्हणून गुरांच्या डॉक्टर ललिताबाई पोचल्या त्या तो गेल्यावर. त्यांनी बांड्याच्या नाकातला फेस पाहिला आणि विचारलं, "बाबा, याला काही पाजलं होतं का?"

पुंजाबाबा बांड्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. भागीबाई म्हणाली, "तीन बारी पाजला ना काढा."

"हा ताप डास, चिलटं चावून येतो," ललिताबाई हळू आवाजात म्हणाल्या. "बहुतेक गुरं आपली आपण उठतात. पण या तापात कधी कधी त्यांना गिळता येत नाही. मग वरून ओतलेलं पोटात न जाता फुप्फुसात जातं."

त्या रागावल्या असत्या तर पुंजाबाबांना सोपं गेलं असतं. पुंजाबाबांनी मला धुतलं, पुसलं आणि वाशाला खोचलं. पाड्यावर सगळे म्हणाले, बांड्या तिव्यानं गेला. पुंजाबाबांनी ते तसंच राहू दिलं. मीही ते ओझं घेऊन वर पडून राहिलो.

यंदाच्या पावसाळ्यात शेजारचा गोटीराम धावत आला. त्याची गाभण गाय तापानं बसली होती.

"बाबा, नळा द्या. काढा चुलीवर हाय."

"नाय देत," पुंजाबाबा म्हणाले.

"एका बांबूला नाय म्हणता? माझी एकच गाय हाय, बाबा." गोटीरामनं हात वर केला. त्याची बोटं मला लागली.

पुंजाबाबांनी त्याचं मनगट धरलं. "बांड्या तिव्यानं नाय गेला, गोटीराम. मी पाजून पाजून मारला त्याला. ह्याच नळ्यानं."

गोटीरामनं हात खाली घेतला. मग दोघंही त्याच्या गोठ्याकडे गेले.

पुढचं मला दिसलं नाही. भागीबाई मन्याला चारा टाकताना त्याच्याशी बोलत असते, त्यातून कळलं. ललिताबाईंना फोन केला, त्यांनी येऊन इंजेक्शन दिलं. पुंजाबाबांनी गाईखाली पेंढा पसरला. ते तिची कूस बदलत राहिले, पाण्याची बादली पुढे ठेवली, डासांसाठी निरगुडीचा धूर केला. चुलीवरचा काढा आटून गेला, त्याला कुणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी गाय स्वतःच्या पायांवर उठली आणि तिनं बादलीत तोंड घातलं.

त्या दिवशी पुंजाबाबांनी मला खाली काढलं. मला वाटलं, आता चुलीत जाणार, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. पण त्यांनी माझी कड अंगठ्यानं चाचपली आणि मला पुन्हा वर खोचलं.

"लोकं मागायला येतील," ते भागीबाईला म्हणाले. "आधी बसव त्यांना. मी बांड्याचं सांगीन."

आता ते सांगतात. तिसऱ्या वेळचा काढाही ते वगळत नाहीत. ऐकून झालं की आलेला माणूस वर माझ्याकडे बघतो आणि रिकाम्या हातानं परत जातो.

मित्रांनो, तुमच्या घरी गुरं असतील तर गोठ्याजवळ पाणी साचू देऊ नका. जनावर तापलं, तर डॉक्टरांना बोलवा. ते गिळत नसेल तर कितीही जीव तुटला तरी त्याच्या घशात काही ओतू नका. पाणी पुढे ठेवा आणि त्याच्याजवळ बसून राहा. बांड्याला तेवढं पुरलं असतं.