इवामीआजींची गाडी

शिगेओ मुकाईचा अर्धा जन्म दुसऱ्यांच्या घरातल्या भेगा शोधण्यात गेला होता. विमा कंपनीत तो नुकसानीची पाहणी करायचा, आणि ती सवय घरीही सुटत नसे. त्यामुळे मुलगी ओसाकाला नोकरीला गेली आणि जाताना तिची छोटी गाडी घेऊन गेली, तेव्हा दुसरी गाडी कोणती घ्यायची हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. लहान, कमी पेट्रोल पिणारी, कुठेही उभी करता येईल अशी.

त्याच्या बायकोच्या, तोमोएच्या, डोक्यात वेगळंच होतं. ती कुरे शहरातल्या प्रसूतिगृहात सुईण होती. कामाच्या वेळी धीरगंभीर, घरी हट्टी. तिचे वडील हिरोशिमाच्या कारखान्यात इंजिनं जोडायचे. पिस्टन वरखाली होण्याऐवजी आत त्रिकोणी चकती गरगर फिरते, ती इंजिनं. आयुष्यभर त्यांनी ती जोडली, पण स्वतः चालवली मात्र डबडा गाडी.

"तसल्या इंजिनाची एक गाडी विकायला आहे. नुसती बघून येऊ," ती म्हणाली.

"तू 'नुसती बघून' आणलेलं मांजर अजून आपल्या सोफ्यावर झोपतं," शिगेओ म्हणाला. पण गेला.

गाडी होती समुद्रातल्या एका बेटावर, लिंबाच्या बागांच्या उतारावर. रविवारी सकाळी पूल ओलांडून ते पोचले, तर अंगणात ती उभी होती. ठेंगणी, लालभडक, एकही सरळ रेघ नसलेली. मालकीण फुमिको इवामी तिच्यापेक्षा फार उंच नव्हत्या. सत्तरी ओलांडलेल्या, डोक्यावर बागेत घालायची मोठ्या काठाची टोपी, एका गुडघ्याला पट्टा.

"पन्नाशीत घेतली मी ही, कोरी," त्या म्हणाल्या. "पोरं मोठी होईतो लिंबाचा ट्रक हाकला. एका वर्षी पीक फार छान आलं. आमचे हे म्हणाले, नवा ट्रक घेऊ. मी ही घेऊन आले. चार दिवस बोलले नाहीत माझ्याशी."

"मग?" तोमोएने विचारलं.

"मग एकदा बसले शेजारी, आणि पूल यायच्या आत झोपले. म्हणाले, हिला हादराच नाही गं. पुढे जन्मभर झोपलेच ते हिच्यात." इवामीआजी हसल्या. "आता गुडघा क्लच दाबू देत नाही. नाहीतर कोण विकतंय?"

शिगेओने टॉर्च पेटवला आणि गुडघ्यांवर बसून गाडीखाली पाहिलं. गालिचा उचलून पाहिला, दाराच्या कडा बोटाने चाचपल्या.

"डाव्या चाकामागे गंज आहे, तिकडे बघा," आजींनीच सांगितलं. "पेट्रोल भरपूर पिते. तेलही पिते, तिला प्यावंच लागतं, घाबरू नका. आणि एक लक्षात ठेवा. थंड असताना चालू केली की लगेच बंद करायची नाही. चांगली गरम होऊ द्यायची. नाहीतर रुसते."

शिगेओने मान डोलावली. विकणारी माणसं आपल्या वस्तूबद्दल कायकाय लाडाचं बोलतात हे त्याने आयुष्यभर ऐकलं होतं. आणखी एक, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं.

आजी तोमोएला घेऊन चहा आणायला आत गेल्या. तेवढ्यात खालून क्रेट लादलेला छोटा ट्रक आला आणि अंगणाच्या तोंडाशी भोंगा वाजवू लागला. लाल गाडीचं नाक वाटेत येत होतं. किल्ली आतच होती. शिगेओ बसला, गाडी चालू केली, हातभर मागे घेतली आणि बंद केली. ट्रक निघून गेला, वरच्या गोदामाशी थांबला.

पाच मिनिटांनी बाहेर येऊन तोमोएने स्टार्टर मारला, तर इंजिन नुसतंच घरघरलं. पुन्हा मारला. पुन्हा घरघर. पेट्रोलचा वास अंगणभर पसरला.

आजी दारात थबकल्या. "कोणी बंद केली मघाशी?"

शिगेओ कमरेत वाकला, तो वर यायलाच तयार नव्हता. "मी. फार मोठी चूक झाली. तुम्ही सांगूनसुद्धा…"

"उठा हो, माणूस मेलं नाही," आजी म्हणाल्या. "पोटात पेट्रोल साचलंय तिच्या. पोरी, थांब आता, बॅटरी दमेल."

ट्रकवाले तोकुदा, तांबड्या चेहऱ्याचे शेजारी, वरून उतरत आलेच. "काय फुमी-सान, पुन्हा रुसली का सवत?"

"तोंड बंद कर आणि हात लाव. तुझ्याच ट्रकपायी झालंय हे."

बेत ठरला. उतारावर गाडी ढकलायची, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. आजींचा गुडघा ते करू देणार नव्हता, म्हणून स्टिअरिंगवर तोमोए बसली. मागून शिगेओ आणि तोकुदा. शिगेओचे रविवारचे बूट रस्त्यावर घसरत होते.

"तुमची बायको चालवणार आणि तुम्ही ढकलणार," तोकुदा धापा टाकत म्हणाले. "लग्नाला किती वर्षं झाली?"

"आताच मोजू नका," शिगेओ म्हणाला.

पहिल्यांदा क्लच सोडला, गाडीने गचका खाल्ला आणि गप्प बसली. दुसऱ्यांदा, खाली बोटींच्या धक्क्याजवळ, उतार संपत आला असताना, आतून मोठा फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. पांढऱ्या धुराचा लोट शिगेओच्या तोंडावर आला. धुरात त्याला काहीच दिसेना, फक्त ऐकू आलं. आधी खोकल्यासारखं, मग गुरगुरणं, मग एक लांबलचक, चढत जाणारा सूर.

"थांबू नकोस!" आजी वरून ओरडल्या. "दामट! पार टोकापर्यंत दामट!"

तोमोए समुद्राकाठच्या रस्त्याने दिसेनाशी झाली.

आजी लंगडत खाली शिगेओशेजारी येऊन उभ्या राहिल्या. खाडीच्या वळणापलीकडून तो सूर येत होता, डोंगराआड बारीक व्हायचा, पुन्हा उघड्यावर यायचा. मग लांबवर लाल ठिपका दिसला. पाण्याच्या कडेने तो सरकत आला आणि त्यांच्यासमोरून असा गेला की रस्त्यावर जणू कुणी एकाच फटकाऱ्यात रेघ ओढली. शिगेओला शोधूनही भेग सापडेना.

"मी हिला बाहेरून कधी ऐकलंच नव्हतं," आजी हळूच म्हणाल्या. "एवढी वर्षं आतच होते ना."

तोमोए परत आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. तिने इंजिन बंद केलं नाही. दार उघडून नवऱ्याकडे पाहिलं, आणि तो शेजारी बसला. ठेंगण्या आसनात घोट्यांपासून पाठीपर्यंत रस्ता कळत होता, पण इंजिनाचा हादरा कुठेच नव्हता. काटा वर वर चढत गेला तरी ते थकत नव्हतं, उलट त्याला मोकळं वाटत असावं. आजींचे यजमान हिच्यात कसे झोपत असतील ते त्याला कळलं. त्याला स्वतःला मात्र झोपावंसं वाटलं नाही.

तरी सवय ती सवय. या इंजिनाच्या जाणकाराकडून आतला दाब मोजून घ्यायचा, असं त्याने सांगितलंच. आजींनी आनंदाने पाठवली. आतल्या दोन चकत्यांपैकी मागची थोडी थकली होती. पुढेमागे इंजिन उघडावं लागेल, असं जाणकाराने स्वच्छ सांगितलं.

घरी तोमोए चहाचा पेला फिरवत बसली. "नको म्हणशील तर समजेन मी. खरंच."

"तुझ्या बाबांनी जोडलेलं असेल का?"

"नाही रे. ते त्याआधीच निवृत्त झाले."

शिगेओ म्हणाला, "असो. उघडावं लागलं तर उघडू. माझा गुडघा अजून शाबूत आहे, क्लचलाही आणि ढकलायलाही."

गाडी आणायला गेले त्या दिवशी आजींनी एकच मागणं केलं, पुलापर्यंत शेजारी बसून यायचं. शिगेओ घरच्या गाडीने मागून आला. पुलाशी त्या उतरल्या, छतावरून एकदा हात फिरवला आणि तोमोएला म्हणाल्या, "जा आता. आरशात बघू नकोस."

ती गेली. सूर पुलावरून पलीकडच्या डोंगरात शिरेपर्यंत आजी आणि शिगेओ दोघंही उभी होती.

मग शिगेओने आजींना आपल्या सरकत्या दारांच्या चौकोनी गाडीतून घरी सोडलं. वाटेत त्या कान देऊन बसल्या. शेवटी म्हणाल्या, "मुकाई-सान, ही चालू आहे ना? काही ऐकूच येत नाही."

"चालू आहे," तो म्हणाला. ही शांतता दाखवूनच विकणाऱ्याने त्याला ही गाडी घ्यायला लावली होती. आज पहिल्यांदाच त्याला त्या शांततेची जराशी लाज वाटली.