दोघांनी उचलायची शिडी

मी गावाची शिडी बोलतेय. पायऱ्या पंधरा, अंगाने भक्कम, आणि वय विचारायचं नाही.

माझा जन्म एका वादळामुळे झाला. चाळीस घरांच्या या गावातली निम्मी छपरं त्या दिवशी उडाली आणि रस्त्याकडेचं जुनं झाड आडवं झालं. छपरावर चढायला गावात धड शिडी नव्हती. लोक टेबलावर खुर्ची, खुर्चीवर पेटी रचून चढायचे आणि कंबर धरून उतरायचे. मग सुताराने त्याच पडलेल्या झाडातून दोन सरळ दांडे काढले, पायऱ्या ठोकल्या आणि मला गावासमोर उभं केलं.

लगेच वाद सुरू झाला, ठेवायची कुठे? प्रत्येकाला आपलंच अंगण गावाच्या मध्यावर आहे असं वाटत होतं. तासभर ऐकून सुतारकाकू वैतागल्या.

"कुठेच ठेवायची नाही," त्या म्हणाल्या. "ज्याचं काम झालं त्याच्या दारात राहील. पुढच्याने स्वतः जाऊन मागायची. आणि देणाऱ्याने मागचं टोक धरून पोचवून यायचं. एकट्याने नेली तर मोडेल ती!"

खरं सांगू? एकट्याने नेली असती तरी मी काही मोडले नसते. काकूंना ते पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवसापासून मी दारोदार फिरले आणि त्याबद्दल मी आजही गावाची ऋणी आहे. शाळेची घंटा माझ्यावरून टांगली गेली. विजेची पहिली तार माझ्या खांद्यावरून घराघरात शिरली. गवताची गंजी पेटली तेव्हा माझ्या पायऱ्यांवर माणसं उभी राहिली आणि हातोहात बादल्या वर गेल्या. माझी तिसरी पायरी त्यातच जळाली. ती सुताराच्या लेकाने नवी घातली.

माणसांची एक गंमत मी पाहिली. शिडी मागायला आलेला माणूस शिडीचं नाव शेवटी काढतो. आधी तब्येत, मग गुरं, मग लेकीचं सासर. माझी दोन टोकं धरून दोघे निघाले की पावलं जुळवावीच लागतात, नाहीतर मागच्याचं नाक आपटतं. कित्येक रुसवे मी असे वाटेतच निवळलेले पाहिले.

एक मात्र निवळत नव्हता. पिठाची गिरणी चालवणारा थोरला आणि शिंपीकाम करणारा धाकटा, सख्खे भाऊ. आई गेल्यावर तिच्या आजारपणात कुणी काय केलं नाही यावरून शब्दाला शब्द वाढला आणि अंगणात भिंत उभी राहिली. शेवटच्या विटा लावायला गवंडी माझ्यावरच चढला होता. त्याचं मला फार वाईट वाटतं.

अकरा वर्षं दोघांनी अबोला धरला. पण छपरं काही अबोला धरत नाहीत, ती गळतातच. मी धाकट्याकडे असले की थोरल्याची पंचाईत, थोरल्याकडे असले की धाकट्याची. तेव्हा दोघींनी, म्हणजे त्यांच्या बायकांनी, शाळेच्या बाईंना गाठलं. बाई गरज नसताना मला मागून न्यायच्या आणि दुसरा भाऊ त्यांच्याकडून मागायचा. शिडी नेली तर काम दाखवायला हवं, म्हणून बाईंनी एकाच वर्षात घराला तीनदा चुना दिला! सगळं गाव मूग गिळून गप्प होतं.

मग बाई निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेल्या. त्याच सुमारास हलक्या, चकचकीत शिड्या आल्या. एकट्याने काखेत मारून न्यायच्या. घरोघरी त्या आल्या आणि मला कुणी मागेना. मी धाकट्याच्या अंगणात त्या भिंतीला टेकून राहिले. भावांनी मात्र नवी घेतली नव्हती. धाकट्याच्या दारात मी होतेच, आणि थोरला तसा चिकटच.

माझं डोकं भिंतीच्या वर होतं, त्यामुळे पलीकडचं दिसायचं. थोरल्याची बायको पाय मोडून खाटेवर पडली होती आणि बरोबर तिच्या उशाशी छप्पर गळत होतं. ढग भरून आलेल्या एका दुपारी भिंतीवरून छपरावर चढायला थोरल्याने भिंतीलगत टेबल आणलं, त्यावर स्टूल, त्यावर पिठाचा डबा. वय त्रेसष्ट.

"अहो, मान मोडून घ्याल!" आतून आवाज आला. "शेजारी जाऊन मागा ना एकदा."

"मान मोडली तरी चालेल, त्याच्या दारात जाणार नाही."

त्याने डब्यावर पाय ठेवला. डबा सरकला. माझ्या तोंडचं पाणी पळालं, पण शिडीला ओरडता कुठे येतं? पडता पडता त्याने हात फेकले आणि भिंतीवर आलेली माझी दोन्ही टोकं घट्ट पकडली. टेबल, स्टूल, डबा, सगळं धडाधड कोसळलं. थोरला भिंतीला लटकला.

अंगणात काज करत बसलेल्या धाकट्याने मला हलताना पाहिलं. सुई तशीच टाकून तो धावला आणि पायाने माझा बुंधा दाबून धरला. वर दिसत होती ती फक्त बोटं, पिठाने पांढरी.

"दादा, सोडू नकोस!"

अकरा वर्षांतला हा पहिला शब्द. बायकोला बुंधा धरायला लावून तो भराभर वर आला. भावाच्या काखेत हात घालून त्याने त्याला भिंतीवर ओढून घेतलं. मग दोघे एकामागून एक माझ्यावरून उतरले. दारातून न येणारा थोरला असा आकाशातून अंगणात आला.

थोरल्याने सदऱ्यावरचं पीठ झटकलं, खाली पाहिलं आणि म्हणाला, "शिडी हवी होती."

"मागचं टोक मी धरतो," धाकटा म्हणाला.

भिंतीवरून मला सरकवलं असतं तर क्षणाचं काम. पण नियम तो नियम. ते मला घेऊन फाटकातून निघाले, सगळी गल्ली वळसा घालून गेले, पाऊल जुळवत. प्रत्येक दारात एकदम झाडायचं काम निघालं होतं. सुतारकाकू, आता पार वाकलेल्या, ओट्यावर बसून पदराने डोळे पुसत होत्या.

छप्पर दुरुस्त झालं. पुढच्या आठवड्यात भावांनी सुताराच्या लेकाला बोलावून माझे दोन तुकडे करवले. घाबरले होते मी! एक तुकडा भिंतीच्या अलीकडे, एक पलीकडे, डोकी एकमेकांना बांधलेली. पंधरा पायऱ्या समान वाटता येईनात, तेव्हा मला धडकी भरली, झालं, पुन्हा भांडण. पण थोरला म्हणाला, "आठ तू घे. तुझं अंगण खोल आहे."

आता माझ्यावरून वाट्या जातात, वर्तमानपत्र जातं, कापलेल्या कापडाच्या चिंध्या जातात आणि पाय बरा झाल्यापासून थोरली वहिनीही जाते. तुमच्याकडे तुमची हलकी शिडी खुशाल असू द्या. पण वर्षातून एखादं काम तरी शेजारच्याच्या शिडीने करा, आणि ती मागायला स्वतः जा.

आणि गावकऱ्यांनो, तुमचे उपकार मी विसरणार नाही. भिंत बांधताना माझ्यावर पाय पडला होता, त्याचा सल आता उरलेला नाही. भिंत अजून उभी आहे, फक्त तिच्यावरून आता येता-जाता येतं.