गॅस भरण्याआधी

रत्नम्माला कुणी ‘बाई, हे तुम्हाला जमायचं न्हाई’ म्हटलं की ते काम हातावेगळं होईस्तोवर तिला अन्न गोड लागत नसे. आता हा गुण म्हणा की खोड म्हणा. नवरा वीरभद्र होता तोवर तो हसून सोडून द्यायचा. नांदेडात त्यांचं फ्रिज आणि बर्फाच्या मशिनी दुरुस्त करायचं दुकान होतं. पाटीवर नाव वीरभद्रचं, पण शेवटची सहा वर्षं त्याचे हात थरथरायला लागले होते आणि तांब्याच्या नळ्यांचे जोड रत्नम्माच लावत होती. गिऱ्हाइकाला तेवढा पत्ता लागू दिला नाही.

वीरभद्र गेला आणि वर्ष सरल्यावर दीर मलप्पा दुकानाच्या किल्ल्या मागायला आला. मलप्पा मनानं वाईट नव्हता, पण लोक काय म्हणतील याचा त्याला भारी धसका. बाईच्या दुकानात मशीन घेऊन कोण येणार, त्यापेक्षा गाळा चहावाल्याला देऊन टाकू, असं त्याचं म्हणणं. नेमकं त्याच आठवड्यात लातूरहून वीरभद्रच्या नावानं कार्ड आलं. गुरुपादप्पा म्हणून चिंचेचे मोठे व्यापारी होते, त्यांच्या थंड खोलीला नवी मशीन बसवायची होती. रत्नम्मानं ते कार्ड दिरापुढं धरलं. म्हणाली, हे काम मी करते, तुम्ही सोबत चला आणि आपल्या डोळ्यानं बघा. गुरुपादप्पांनी काम चांगलं झालं म्हणून सांगितलं तर किल्ल्या माझ्याकडं राहतील, त्यांनी नावं ठेवली तर मी स्वतः तुमच्या हातात देते. मलप्पा कबूल झाला. त्याला वाटलं असेल, चार दिवसांत सुंठीवाचून खोकला जाईल.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कचेऱ्यांच्या पाट्या नव्याकोऱ्या आणि नळ ठणठणीत कोरडे. त्या सालच्या दुष्काळात पिकं करपली, पण चिंचेची झाडं मात्र लगडून आली होती. गुरुपादप्पांच्या खोलीत चारशे पोती फोडलेली चिंच पडून होती. जुनी मशीन विहिरीच्या पाण्यावर गार राहायची. विहिरीनं तळ दाखवला, तशी मशीन तापून दर तासाला बंद पडू लागली आणि चिंच काळी पडायला लागली. म्हणून त्यांनी पंख्याच्या वाऱ्यावर गार होणारी मशीन मागवली होती. तिला पाण्याचा थेंब लागत नाही.

वीरभद्रच्या जागी त्याची बायको उतरलेली बघून गुरुपादप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण लातुरात दुसरा माणूस मिळेना आणि चिंच तर थांबायला तयार नव्हती. तेव्हा त्यांनी एक अट घातली. बसव जयंतीला दिवेलागणीच्या वेळी मठाचे स्वामी येणार, त्यांच्या हातानं बटण दाबायचं. तोवर काम झालं पाहिजे, आणि त्या वेळी बाईंनी पुढं पुढं करायचं नाही. विधवेच्या हातानं सुरुवात नको, हे त्यांनी तोंडानं म्हटलं नाही. पण रत्नम्मा काय दूधखुळी होती?

ती गुमान कामाला लागली. मशीन गच्चीवर, खोली खाली. दोघांच्या मध्ये तांब्याच्या दोन नळ्या, एक जाड, एक बारीक. भिंतीला भोक पाडलं, नळ्या वर नेल्या, जाड नळीला मशिनीकडं उतार ठेवला, वर चढते तिथं मशिनीचं तेल अडकू नये म्हणून खाली वाक दिला. मलप्पा नळी धरायचा, ती जोड लावायची. अकरा जोड झाले. जयंतीच्या आदल्या संध्याकाळी गळती तपासायला तिनं नळ्यांत नायट्रोजन दाबून भरला. दाबाचा काटा अडीचशे पौंडांवर उभा राहिला, आणि चार दिवसांत पहिल्यांदा ती पोटभर जेवली.

सकाळी बघते तर काटा दोनशे तीसवर.

पहाटेच्या गारव्यानं काटा थोडा उतरतो, हे तिला ठाऊक होतं. पण वीस पौंड म्हणजे कुठंतरी गळती आहेच. तिनं वाटीत साबण कालवला आणि ब्रशानं एकेक जोड माखत सुटली. जिथं गळतं तिथं बुडबुडा येतो, साधी गोष्ट आहे. पण अकराच्या अकरा जोड माखून झाले, एकदा नाही तीनदा, आणि बुडबुड्याचं नाव नाही. काटा मात्र आणखी दोन पौंड खाली. ऊन डोक्यावर यायला लागलं तसा तिचा धीर सुटत चालला.

गुरुपादप्पा दोनदा गच्चीवर येऊन गेले. तिसऱ्यांदा आले ते चिडूनच. बुडबुडा नाही म्हणजे गळती नाही, काटाच खोटा असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं. गॅस भरून घ्या, स्वामी यायच्या आधी सगळं तयार पाहिजे, कमी पडला तर पावसाळ्यात पुन्हा भरू. मलप्पानंही तिला बाजूला घेऊन तेच सांगितलं. म्हणाला, वयनी, मालक खूश झाला म्हणजे झालं, पुढचं पुढं बघू. खरं तर गॅस भरला असता तर मशीन त्या दिवशी चालली असती. गुरुपादप्पांनी शाबासकी दिली असती आणि किल्ल्याही तिच्याच कमरेला राहिल्या असत्या. हे तिला कळत नव्हतं असं नाही.

“गळक्या नळीत मी गॅस भरणार न्हाई, अप्पा,” ती म्हणाली. “महिन्याभरात खोली तापंल. चिंच काळी झाली की तुम्ही म्हणाल, बाईनं केलं होतं. मग नांदेड-लातूरमधी माझ्याकडं कोण मशीन आणंल?”

गुरुपादप्पा तणतणत खाली गेले. मलप्पा तोंड फिरवून बसला. आता किल्ल्या गेल्याच, असं तिला त्या घडीला वाटलं.

ती खाली हात धुवायला गेली. अंगणात चिंच फोडायला बसलेल्या बायका होत्या, त्यांची म्होरकी गुणाबाई, भोकरकडची. रत्नम्मा साबणाची वडी हातावर घासतेय, घासतेय, आणि हाताला नुसता चिकट मळ. गुणाबाई तिच्याकडं बघून हसायला लागली.

“घासा बाई, सांजपस्तोर घासा,” ती म्हणाली. “ह्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजंना, त्याला फेस कुठला येतोय?”

रत्नम्माचा हात जागच्या जागी थांबला. फेस नाही तर बुडबुडा कुठून येणार? जन्म गेला गोदावरीच्या काठी. तिथं साबण नुसता दाखवला तरी वाटीभर फेस येतो. पाण्याला फेसच येत नाही असं एखादं गाव असेल, हे तिच्या डोक्यातच कधी शिरलं नव्हतं. सकाळपासून ती नुसत्या चिकट पाण्यानं नळ्या माखत बसली होती. स्वतःचाच तिला असा राग आला की वडी तिथंच टाकून ती उठली. गोडं पाणी कुठं मिळेल म्हणून विचारलं, तर बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आठ दिवसांत टँकर आला नव्हता. मग गुणाबाईनं हळूच हनुवटीनं घराकडं दाखवलं.

ओसरीवर पाटावर तांब्याची घागर होती. तिच्यावर विभूतीचे पट्टे ओढलेले, तोंडाला पांढरं फडकं. स्वामींच्या पाद्यपूजेसाठी गुरुपादप्पांनी जीप पाठवून नांदेडहून मुद्दाम गोदावरीचं पाणी आणवलं होतं. रत्नम्मानं फडकं काढलं आणि तांब्या आत घालणार, तेवढ्यात गुरुपादप्पा दारात आले.

“त्याला हात लावू नका, बाई. ते स्वामींच्या पायावर घालायचं हाय.”

“एक तांब्या घेते, अप्पा. माझ्याच गावचं पाणी हाय.”

“सांगितलेलं कळंना का? तुमच्या हातचं चालत न्हाई.”

झालं. चार दिवस जे कुणी बोललं नव्हतं ते आज तोंडावर आलं. रत्नम्माच्या गळ्यात लिंग होतं, गुरुपादप्पांच्या गळ्यातही होतं. तिनं पदराखालचं आपलं लिंग मुठीत धरलं आणि त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला.

“आज जयंती कुणाची हाय, अप्पा?”

गुरुपादप्पांना उत्तर येत नव्हतं असं थोडंच आहे. गळ्यात लिंग असेल त्याला कसला विटाळ नाही, असं सांगणाऱ्या बसवण्णांचं नाव घेण्यात त्यांनी सगळा जन्म घालवला होता. पण ते उत्तर तिच्यासमोर, अंगणातल्या बायकांसमोर द्यायचं म्हणजे पंचाईत. रत्नम्मानं तांब्या भरून घेतला, फडकं पुन्हा नीट घागरीवर घातलं आणि जिना चढून गेली.

आता वाटीत पांढराशुभ्र फेस उभा राहिला. सातव्या जोडावर ब्रश फिरवला आणि बारीक बुडबुडा वर आला, फुगला, फुटला, पुन्हा आला. गुरुपादप्पा तिच्या मागोमाग वर आलेच होते. मलप्पा घाईघाईनं पुढं झाला आणि म्हणाला की नळीच कंपनीतून खराब आली असणार. त्याला वहिनीची बाजू सांभाळायची होती, बिचाऱ्याला.

“नळीला नावं ठेवू नका, भावजी,” रत्नम्मा म्हणाली. “जोड माझ्या हातचा हाय. चुकले ती मीच. आता नीट करणार तेबी मीच.”

तिनं जोड कापून काढला, नवा लावला. पुन्हा नायट्रोजन भरला आणि भर उन्हात दोन तास काट्यासमोर बसून राहिली. पाणी प्यायलासुद्धा उठली नाही. काटा तसूभर हलला नाही. मग पंप लावून नळ्यांतली सगळी हवा ओढून काढली, सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला आणि गॅस सोडला. अर्धा गेला आणि थांबला. तो तसा थांबतोच. उरलेला चालू मशीन स्वतः ओढून घेते, त्याला दुसरा उपाय नाही. गावातून मिरवणुकीतल्या हलगीचा आवाज यायला लागला होता. रत्नम्मानं एकदा जिन्याकडं बघितलं आणि बटण दाबलं.

पंख्यानं वारा घेतला. मशिनीतून कढत झोत बाहेर पडू लागला आणि जाड नळी हाताला गार लागायला लागली. खाली बायकांनी खोलीचं दार किलकिलं करून आत हात घालून बघितला आणि एकच गलका केला. तो ऐकून गुरुपादप्पा धापा टाकत वर आले.

मशीन कुणी चालू केली म्हणून त्यांनी विचारलं. चालू केल्याशिवाय गॅस भरत नाही, असं रत्नम्मानं सरळ सांगितलं. गुरुपादप्पांनी डोक्याला हात लावला. स्वामींची गाडी कोपऱ्यावर आलीये, म्हणाले, आत्ताच्या आत्ता बंद करा, स्वामी चालू करतील. आणि त्यांच्यापुढं सांगायचं की काम मलप्पानं केलं. एवढं ऐकाल तर तुमच्या कामाला मी चांगलंच म्हणीन. किल्ल्यांची गोष्ट त्यांना मलप्पाकडून कळली होती.

रत्नम्मानं सिलिंडरची चावी धरून ठेवली होती. अजून थोडा गॅस जायचा होता.

“माझ्या हातानं बंद होणार न्हाई,” ती म्हणाली. “तुम्हाला करायची असंल तर तुम्ही करा. आत चारशे पोती हायत, तेवढं ध्यानात ठेवा.”

गुरुपादप्पांनी बटणाकडं बघितलं. हात काही पुढं गेला नाही. मग त्यांनी मलप्पाला हुकूम सोडला की तुम्ही बंद करा, तुम्ही घरातले पुरुष आहात. मलप्पा बटणापाशीच उभा होता. तो उभ्या जन्मात कुणा मोठ्या माणसाला नाही म्हणाला नव्हता.

“मला ह्यातलं काय बी कळत न्हाई, अप्पा. मिस्त्री ह्या हायत,” तो म्हणाला. “आन् तुम्ही आता नावं ठेवली तरी चालंल. दुकान वयनीचंच हाय.”

रत्नम्मानं त्याच्याकडं वळून बघितलं नाही. डोळे भरून आले होते, आणि गॅस पुरा भरेपर्यंत तिला काटा नीट दिसायला हवा होता.