ठसे उमटणारी काच

माझे सासरे बबनराव अठ्ठावीस वर्षं पुनावळ्याचे पोलीस पाटील होते. गावाचं शहर झालं, आमच्या शेतात सात मजली इमारत उभी राहिली, तरी आप्पांची पाटीलकी काही उतरली नाही. अजूनही दूधवाल्याच्या चेहऱ्याकडे बघून दुधात पाणी किती आहे ते सांगतात.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आईंना, छबूबाईंना, मागच्या दिवाळीत मी ई-रीडर घेऊन दिला. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण वाचायची भारी हौस. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक अक्षर नकोसं झालं होतं, आणि ह्यात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. चार दिवसांत त्यांनी ते यंत्र आपलंसं केलं आणि थेट खुनाच्या गोष्टींना हात घातला. मी मेलीनं आधी संतांची चरित्रं भरून दिली होती, ती अजून उघडलेली नाहीत.

पण गोष्ट रंगात आली रे आली, की आप्पा चहाची बशी फुंकत म्हणायचे, "मला इचारशील तर त्यो मेव्हणाच." आणि मेव्हणाच निघायचा. दुसऱ्या पुस्तकात विधवा आत्या, तिसऱ्यात वकील. तीन पुस्तकं, तीन खुनी, एकही नेम चुकला नाही.

"अवं, तुम्ही वाचता का काय गुपचूप?" आईंनी विचारलंच.

"मी? मला ते चालू बी करता येत न्हाई. अंदाज केला. पाटील व्हतो म्हटलं मी!"

आणि मी खुळी! ऑफिसात जाऊन सगळ्यांना सांगत सुटले, की आमच्या सासऱ्यांचं डोकं म्हणजे काय डोकं आहे!

आई मात्र रडकुंडीला आल्या होत्या. "आख्खा जन्म गेला बाय," त्या मला म्हणाल्या. "सिनेमाचा शेवट ह्यांनी सांगितला, मालिकेचा ह्यांनी सांगितला. एक तरी शेवट माझा मला कळू दे की." मला फार वाईट वाटलं. एवढंसं तर मागत होत्या.

चौथं पुस्तक अर्ध्यावर आलं आणि आईंनी एकाएकी हट्ट धरला, की ह्याला काच लावायची. रविवारी आम्ही पिंपरी कॅम्पात गेलो. ई-रीडरच्या मापाचं स्क्रीनगार्ड तयार मिळेना. शेवटी एका दुकानात मशीनवर कापून देणारा भेटला.

"मावशी, मॅट टाकतो," तो म्हणाला. "कागदासारखं दिसतं. चकाकत नाही, बोटं उमटत नाहीत."

"उमटणारी न्हाई का?"

"ग्लॉसी? आहे की. पण त्याच्यावर सगळे डाग दिसतात. लोक न उमटणारी मागतात."

"लोकांचं लोकांपाशी. मला उमटणारी दे."

मी बाजूला घेऊन समजावलं. ई-रीडरची सगळी मजा पडदा चकाकत नाही ह्यातच आहे, त्यावर आरसा कशाला बसवायचा? ऐकतील तर शपथ. गुळगुळीत, चमचमती काच लावूनच घरी आलो, आणि मी दोन दिवस तोंड फुगवून होते. पुस्तकात आता अक्षरांपेक्षा आमची ट्यूबलाइट जास्त दिसत होती.

बुधवारी मी घरून काम करत होते. दुपारी आईंनी काच पदरानं लख्ख पुसली, रीडर देव्हाऱ्याशेजारी ठेवला आणि शेजारच्या भिमाबाईंकडे हळदीकुंकवाला गेल्या. तासाभरानं आल्या त्या चप्पल काढून थेट रीडरपाशी. मला खुणेनं बाल्कनीत बोलावून त्यांनी काच उजेडात तिरकी धरली.

"बघ. वर एक ठसा, म्हंजी खालची पानं सरकवायची पट्टी उघडली. खाली डावीकडनं उजवीकडं लांब वढलंय, म्हंजी थेट शेवटाला गेले. मग डाव्या कडंला पाच ठसे. मागं मागं येत वाचलंय. अन् हे उलटं वढलंय, परत माझ्या पानाला. आता वास घे."

मी वास घेतला. गुडघ्यांना लावायचं तेल. आप्पा रोज दुपारी चोळून घेतात.

"आई!" मला हसू आवरेना. "पण मग ह्याही पुस्तकाचा शेवट ते सांगणार."

"सांगू दे की. मी आज पहाटंच वाचून संपवलंय. अन् परत अर्ध्यावर आणून ठिवलंय." असं म्हणताना त्यांचा चेहरा इतका खुलला होता, की माझं ट्यूबलाइटचं दुःख मी विसरले.

चहाला आप्पा नेहमीच्या थाटात बसले. "मला इचारशील तर त्यो कंपाउंडरच."

"व्हय, कंपाउंडरच," आई म्हणाल्या. "पहाटंच कळलं मला. आता जरा अंगठा दावा."

बशी हवेतच थांबली. आईंनी काच समोर धरून एकेक ठसा दाखवला, अगदी पंचनाम्यासारखा. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांचे पंचनामे केलेला माणूस मुकाट्यानं आपला ऐकत राहिला.

"अगं, तू वाचाय लागली की घरात असून नसल्यागत," शेवटी ते पुटपुटले. "चहा देतीस, पर बोलत न्हाईस. शेवट सांगितला की भांडतीस तरी."

आईंचे डोळे भरले. मग त्यांनी शिक्षा सुनावली: हात साबणानं धुवायचे आणि स्वतःचं पुस्तक स्वतः, पहिल्या पानापासून वाचायचं.

आप्पांनी कुरकुरत सुरुवात केली आणि आठवड्यात असे अडकले, की जेवायला हाका माराव्या लागायच्या. मी बिचारी मॅट काच घेऊन आले. दोघांनीही लावू दिली नाही. एकमेकांवरचा विश्वास, दुसरं काय!

परवा आप्पांच्या पुस्तकात अगदी रंगाचा भाग आला होता. बंगल्याचं दार आतून बंद, आत प्रेत. चहा ओतता ओतता आई सहज म्हणाल्या, "मला इचाराल तर त्यो माळीच."

आप्पा ताडकन उठले. रीडर घेऊन बाल्कनीत गेले आणि काच तिरकी धरली. खाली डावीकडून उजवीकडे बाजरीच्या पिठाचा लांबलचक पट्टा.

"छबू!" ते ओरडले. "हे पीठ कुणाचं?"

आई बशी फुंकत बसल्या होत्या.

"मी कुठं वाचलंय?" त्या म्हणाल्या. "अंदाज केला."